विमलाक्कांचं ‘झाली का?’

मूत्रपिंडाला इजा झाली तर पोलिसांत वर्दी द्यावी लागते का, असा प्रश्न मी बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात, शिकल्यासवरल्या माणसांनी भरलेल्या टेबलासमोर, चष्मा पुसत पुसत विचारला होता.

त्या टेबलाशी मी कसा पोचलो ते आधी सांगायला हवं. माणसांवर औषधपाण्याचं संशोधन करायचं असलं की आधी एका समितीची परवानगी लागते. तिला नैतिकता समिती म्हणतात. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियमानुसार एक ‘सामान्य माणूस’ असावा लागतो. ज्याला वैद्यकातलं काही म्हणजे काही कळत नाही, असा. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या कचेरीत होता. साहेबांनी त्याला सामान्य माणूस शोधायला सांगितल्यावर त्याला एका क्षणात मी आठवलो. मी निपाणीच्या शाळेत मराठी शिकवतो. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बायको म्हणाली, “तुमची लायकी बघून झालेली ही पहिलीच नेमणूक.”

तर त्या बैठकीपुढं ‘तीव्र मूत्रपिंड इजा’ या विषयावरच्या संशोधनाचा कागद होता. इजा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कमरेत बसलेली लाथ आली, मोटरसायकलवरून पडलेला माणूस आला, बैलानं शिंग मारलेला एक चुलताही आला. वर ‘तीव्र’! म्हणजे प्रकरण कोर्टापर्यंत जाणार. आपण गप्प बसलो तर सामान्य माणूस अगदीच सामान्य दिसेल, म्हणून मी वर्दीचं विचारलं.

वकील खोकले. आणि टेबलाच्या पलीकडून एक बाई खदखदून हसल्या. आखूड केस, सुती साडी, समोर पाण्याची भलीमोठी स्टीलची बाटली.

“मास्तर,” हसू आवरून त्या म्हणाल्या, “इजा म्हंजे मार न्हवं. चांगलं चाललेलं मूत्रपिंड दोन-चार दिवसांत एकदम बसतंय. हगवण-उलटीनं अंगातलं पाणी गेलं, ताप डोक्यात चढला, साप चावला, न विचारता दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, कशानंबी. येळेत धरलं तर पुन्हा उठतंय. न्हाय धरलं तर...” त्यांनी बाटली हळूच आडवी केली. पाणी तोंडाशी आलं आणि थांबलं.

मग अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, “मराठीच्या मास्तरास्नी हा कागद वाचून मारामारी वाटली. मग माझ्या पेशंटास्नी काय वाटंल? कागद माझा चुकलाय. बदलून आणते.”

मी वाचलो. आणि त्या दिवसापासून विमलाक्कांचा झालो.

विमलाक्का म्हणजे डॉ. विमल कांबळे, मूत्रपिंडाच्या डॉक्टर. खोलीबाहेरच्या पाटीवर पदव्यांची आगगाडी होती, पण आतबाहेर सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. मूळच्या निपाणीच्याच. आई विड्या वळायची. “आईच्या मांडीवर सूप, आणि सुपाच्या कडेला टेकवलेलं माझं पुस्तक,” एवढंच त्या स्वतःबद्दल सांगत. त्यावर कुणी गहिवरायला लागलं की लगेच विषय लघवीवर नेत. गहिवर जागच्या जागी बसायचा.

लघवी हा त्यांचा जन्माचा विषय. माणसं भेटल्यावर ‘जेवलासा काय?’ विचारतात. आक्का विचारायच्या, “झाली का?” पेशंट कानडी असला तर, “आय्ता?” काय झाली, ते सांगायची त्यांना गरजच वाटत नसे. बेळगावजवळच्या मच्छे गावात एका लग्नाच्या तयारीत त्यांनी नवरीच्या बापाला असंच विचारलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “झाली की आक्का, काल यादी झाली, आता हॉलचं तेवढं बघायचं.”

“यादी न्हवं वो, लघवी. सकाळपास्नं उन्हात पळताय.”

चहाच्या बाबतीत तर त्यांनी आम्हा सगळ्यांचं नुकसान केलं. बैठकीत चहा आला की काचेचा ग्लास खिडकीकडं धरून म्हणायच्या, “ह्यो रंग आला की माझ्याकडं यायचं.” वकिलांनी चहा सोडला. मी अजून पितो, पण कपातून, खाली न बघता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. “मूत्रपिंड म्हंजे घरातली थोरली सून हो मास्तर. बोलत न्हाय, रडत न्हाय, राबत ऱ्हातीया. तिनं काम सोडलं की मग घरादाराला कळतंय ती काय काय करत हुती. मी म्हंते, तिला आधीच एक तांब्या पाणी का देत न्हाईसा?”

संशोधन होतं तेही या पाण्याचंच. अंगातलं पाणी पार आटून दाखल झालेल्या माणसाला शिरेतून सलाईन चढवतात. त्यात एक नेहमीचं मिठाचं पाणी, आणि एक नवं, रक्तातल्या क्षारांशी जास्त मिळतंजुळतं. बसायला आलेलं मूत्रपिंड कोणत्या पाण्यानं जास्त सावरतं? आणि डायलिसिसची पाळी कोणत्यानं टळते? यावर जगात पुष्कळ वाद आहेत, पण आपल्याकडच्या, हगवण लागून आणि गोळ्या खाऊन आलेल्या माणसांत काय होतं, ते आक्कांना बघायचं होतं. कुणाला कोणतं पाणी हे डॉक्टरानं ठरवायचं नाही, संगणकानं ठरवायचं. आणि पिशवीत काय आहे ते डॉक्टरालाही कळू द्यायचं नाही, पेशंटालाही नाही. नाहीतर ज्याचं त्याचं मन मध्ये लुडबुडतं.

हे पेशंटाला समजावून त्याची संमती घ्यायची. इथं सामान्य माणूस कामाला आला, म्हणजे असं त्याला वाटलं. कागदावर ‘यादृच्छिक वाटप’ असा शब्द होता. मी म्हटलं, हा कुणाला कळणार? आपल्या भागात देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुलं चिकटवायची आणि उजवं पडतं की डावं ते बघायचं. ‘संगणकाचा कौल’ म्हणा, लहान पोरालाही कळेल. समितीनं माना डोलावल्या. मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

आठवडाभरात आक्कांचा फोन आला. “मास्तर, तुमच्या कौलानं वाट लावली की. उजवा म्हंजे देवाचा होकार, हे तुमी इसरलासा व्हय? सगळी म्हणाय लागल्यात, आमाला उजवाच द्या. काल एक म्हातारी खाटंवर नारळ घेऊन बसली हुती. तिला डावाच आला असंल म्हणून लेक संगणकाला दुसऱ्यांदा कौल लावा म्हंतोय.”

“मग आता हो?”

“आता टॉस. मॅचचा टॉस सगळ्यास्नी ठाव हाय. टॉस जिंकला म्हंजे मॅच जिंकली असं कुणी म्हणत न्हाय.”

तो शब्द चालला. एक शब्द मात्र कुणालाच बदलता आला नाही, तो म्हणजे ‘अभ्यास’. ‘आम्ही एक अभ्यास करतोय’ असं आक्का सांगायला लागल्या की सदलग्याचे एक आजोबा फार कळवळायचे. “बाई, केस पिकाय आले की तुमचे. अजून अभ्यासच व्हय? पास कवा हुणार?”

“तुमची लघवी सुरळीत झाली की पास, आजोबा.”

“मग करतो बाई परयत्न. तुमचं वरीस वाया नगो.”

त्याही आधी प्रश्न होता, पिशव्या झाकायच्या कशा? त्यासाठी निपाणीतून कुमक आली. आक्कांचा धाकटा भाऊ दिनकर, आमच्या शाळेजवळचा शिंपी. माझ्या विजारी तोच शिवतो आणि दर वर्षी माप घेताना “सर, कापड तेवढंच ऱ्हायलंय, तुमी वाढलाय,” असं रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणतो. त्यानं सलाईनच्या पिशव्यांना जाड निळ्या कापडाच्या खोळी शिवल्या. खालून नळी जाण्यापुरतं भोक, वर नाडी, आणि बाजूची शिवण दुहेरी. “सलाईनला झबली शिवतोय,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. शिवण पक्की आहे का ते बघायला आक्का प्रत्येक खोळ दोन्ही हातांनी ताणायच्या.

पण आक्कांचा खरा जोर आजार होऊच नये यावर. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतल्या बायका त्यांच्याकडं सारख्या येऊ लागल्या. धुळीत बसून दिवसभर काम, पाणी प्यायचं नाही, डोकं दुखलं की गोळी. पाणी का पीत नाही म्हटलं की पदराआड हसायच्या. कारण उघड होतं. पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती. होती तिला कुलूप होतं आणि आत बारदान भरलेलं.

दुसरा कुणी असता तर अर्ज केला असता. आक्का सरळ मालकांना भेटायला गेल्या, आणि मी रस्त्यात सापडलो म्हणून मलाही नेलं. मालकांनी अगत्यानं पाणी मागवलं. आक्का तांब्याभर प्याल्या. आणखी मागवलं. तेही प्याल्या. हवापाण्याच्या, ऊसदराच्या, कोल्हापूरच्या रस्त्याच्या गप्पा झाल्या. मग चहा झाला. मी घड्याळ बघायला लागलो तेव्हा आक्का खुर्चीत जरा पुढं सरकून म्हणाल्या, “मालक, आता कुठं जाऊ?”

“कुठं म्हणजे?”

“लघवीला.”

मालक लाल झाले. दिवाणजी छताकडं बघू लागला. शेवटी मालकांनी स्वतःच्या घरी गाडी करून पाठवायची तयारी दाखवली.

“चालंल की,” आक्का उठत म्हणाल्या. “गाडी मोठी हाय न्हवं? आत बसलेल्या समद्या बायास्नीबी घेऊन जाते. रोज येत जाऊ. वहिनीस्नी सांगून ठेवा.”

पुढच्या आठवड्यात बारदान हललं, कुलूप निघालं, नळ आला. मालक अजून आक्कांना दिवाळीला फराळ पाठवतात, पण भेटायला बोलावत नाहीत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मग दिनकर आजारी पडला.

कुठल्याशा जत्रेत जेवून आला होता. जुलाब, उलट्या. त्यात मशीनवर वाकून वाकून पाठ धरलेली, म्हणून दुखण्याच्या गोळ्या पोटात. बहीण मूत्रपिंडाची डॉक्टर, पण गड्यानं फोन केला नाही. “आक्का वरडंल” म्हणून. त्याची बायको शालन रडत शाळेत आली तेव्हा त्याला धड बोलवतही नव्हतं. आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून आम्ही त्याला बेळगावला नेलं. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. लघवी जवळजवळ बंद. डॉक्टरांनी सलाईनची तयारी केली, पण डायलिसिस लागण्याची शक्यता आहे, असं स्पष्ट सांगितलं. मूत्रपिंड पुन्हा उठेल की नाही ते लगेच सांगता येणार नव्हतं.

आणि हा पेशंट संशोधनात बसत होता.

आक्कांनी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सांगितलं, बहिणीनं उपचारात हात घालायचा नाही, त्यांचे सहकारी डॉ. हिरेमठ बघतील, समजावणंही तेच करतील, आणि पेशंटनं स्वतः हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तरी उपचारात काही कमी होणार नाही.

शालननं व्हरांड्यात आक्कांचे हात धरले. “वन्सं, तो टॉसबिस ऱ्हाऊ दे. तुमास्नी ठाव असणारच की चांगलं कुठलं. तेच लावा. तुमच्या पाठचा हाय त्यो.”

“मला ठाव न्हाय गं.”

“असं कसं? एवढं शिकलाय. पोटातनं काय वाटतंय ते तर सांगा!”

आक्कांना काही वाटतच नव्हतं असं नाही, ते तोंडावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता. हिरेमठांनी ऐकलाही असता. त्या बाकावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, वात्रट पोराला शाळेत बसवतात तसे.

“पोटाचं ऐकायचं न्हाय,” त्या म्हणाल्या, “म्हणून तर तुझ्या नवऱ्याकडनं खोळी शिवून घेतल्या.”

आत हिरेमठ त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत दिनकरला समजावत होते. “नोडी, टॉस आहे. ह्यो पडला, त्यो पडला, आम्हाला पण गोत्तिल्ला, माहीत नाही.”

दिनकरनं डोळे उघडले. “कळलं, डॉक्टर. इतक्या खोळी शिवल्या... एक माझ्याबी वाट्याला यिऊ दे.”

निळ्या खोळीतली पिशवी टांगली गेली. जरा तरतरी आली तसा तो त्या पिशवीकडं टक लावून बघू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा होतो आणि आक्का माझ्या मागं. आत जायची परवानगी त्यांना होती, पण त्या उंबऱ्याशीच थांबायच्या. दिनकरनं मोकळा हात वर केला आणि अंगठ्याचं नख शिवणीवर ठेवलं.

“आक्का, मीच शिवलंय. एक टाका काढला तर कुणाला कळनार न्हाय. बघू का आत काय हाय?”

मला वाटलं, आता ओरडतील. त्या अगदी हळू बोलल्या.

“बघ की. चांगलं वाटलं तर खुशीत ऱ्हाशील, वाईट वाटलं तर घोर लावून घेशील. तुझ्या मूत्रपिंडाला दोन्हीतलं काय कळतंय, दिन्या?”

नख तिथंच राहिलं.

“आणि मला सांगाय लागशील,” आक्का पुढं म्हणाल्या. “मग मला झोप लागायची न्हाय.”

दिनकरनं हात खाली घेतला. “न्हायतरी शिवण लई पक्की हाय,” तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. “तुझ्या ताणायच्या भीतीनं दोनदा मारलीया.”

त्या दिवशी व्हरांड्यात मी पहिल्यांदा विमलाक्का नातेवाईक झालेल्या पाहिल्या. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. नर्स बाहेर आली की उठायच्या आणि विचारायच्या, “झाली का?” तीच नर्स, जिला त्यांनीच शिकवलं होतं, मान हलवायची. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “आक्का, नातेवाइकांनी सारखं विचारू नये, असं तुम्हीच भिंतीवर लिहिलंय.” आक्कांनी वळून भिंतीवरची पाटी वाचली, नवीन कुणीतरी लावल्यासारखी, आणि खाली बसल्या. बाटलीतलं पाणी मात्र प्याल्या नाहीत. मी दोनदा पुढं केली. “नगो,” म्हणाल्या. “आज जात न्हाय.”

दुपार कलली. शालन देवाचं नाव घेत होती, मी कालचंच वर्तमानपत्र वाचत होतो. आणि आतून नर्सचा आवाज आला. मोजायचं भांडं दोन्ही हातांत, आरतीचं तबक धरावं तसं धरून ती दारात आली आणि ओरडली, “आक्का! आय्तु! झाली!”

सबंध व्हरांडा उठला. ज्यांचा दिनकरशी काही संबंध नाही अशी माणसं एकमेकांना सांगू लागली, झाली, झाली. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. भांड्यात होतं ते फार नव्हतं, रंगही आक्कांच्या चहाचाच होता. पण आक्कांनी ते खिडकीकडं धरून बघितलं, आणि बघता बघता त्यांच्या गालांवरून पाणी घळघळा खाली आलं.

“एवढं पाणी बाहेर टाकू नका, आक्का,” मी म्हटलं. माझ्या आयुष्यातला त्यांना आवडलेला हा एकमेव विनोद.

डायलिसिस लागलं नाही. रंग हळूहळू लिंबूसरबतावर आला. दिनकर घरी गेला आणि पुन्हा माझ्या विजारीला नावं ठेवू लागला.

संशोधन संपलं तेव्हा समितीपुढं निकाल आला. दोन्ही पाण्यांत, आमच्याकडच्या माणसांपुरता तरी, सांगण्यासारखा फरक सापडला नव्हता. मी जरा हिरमुसलो. वकील म्हणाले, “म्हणजे काहीच निघालं नाही म्हणायचं.”

“निघालं की,” आक्का म्हणाल्या. “माझ्या मनानं घेतलं हुतं, नवं पाणी चांगलं. दिन्या आत पडला तवा तो शब्द जिभंवर हुता. बोलले असते आणि त्यो उठला असता, तर जल्मभर सांगत हिंडले असते, की मी वाचवला. आता खेड्यातल्या दवाखान्यात नेहमीची पिशवी लावणाऱ्या पोरीला माझ्यापुढं मान खाली घालाय नगो. येळेत लावली न्हवं? बास.”

दिनकरला कोणतं मिळालं होतं, ते त्यांनी काढून बघितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “आता इचारून काय? शिवण चांगली हुती.”

परवा त्या गेल्या. तिकडं कलबुर्गीच्या एका कॉलेजात, वय झालेलं असून हौसेनं. “तिथं ऊन लई, मास्तर. ऊन लई म्हंजे लघवी कमी. माझ्यासारखीला कामच काम.” जायच्या आधी भावाला भेटायला निपाणीला आल्या होत्या. शाळा सुटायच्या वेळी मी स्टँडवर होतो, आजूबाजूला आमची पोरंपोरी कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभी. बेळगावची गाडी हलली आणि तिच्या खिडकीत आक्का दिसल्या. मांडीवर ती स्टीलची बाटली, आणि बाटलीला दिनकरच्या उरलेल्या कापडाची निळी खोळ. मला बघून त्यांनी अर्धं अंग बाहेर काढलं, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“मास्तर, झाली का?”

पोरं फुटली. मी इकडंतिकडं बघितलं आणि नुसता हात हलवला. गाडी वळली. निळं काहीतरी थोडा वेळ दिसत राहिलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पोरं कशी हसली तेही. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

“नुसता हात हलवलात? अहो, विचारलं त्याचं उत्तर नको का द्यायला? आता त्या बाई कलबुर्गीपर्यंत काळजी करत जातील. लावा फोन, आणि झाली म्हणून सांगा.”